झुंबरची गाडी

बारामतीच्या स्टँडासमोरच्या हॉटेलात महिपतीनं चहा बशीत ओतला होता आणि फुंकर घालायला बशी तोंडापाशी नेली होती, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी विचारलं, "कन्हेरीचा म्हैपत डायवर तूच का?" त्यानं मान वळवली. सत्तरीच्या घरातला एक उंच म्हातारा उभा होता. डोक्याला मळकं पागोटं, खांद्यावर घोंगडी, आणि पायांतल्या वहाणांना इतकी ठिगळं की मूळचं कातडं कुठलं ते सांगता येऊ नये. माणूस अनोळखी होता. पण त्याचा खालचा जबडा एका अंगाला किंचित पुढं आलेला होता, आणि तो जबडा महिपतीनं दीड वर्ष रोज सकाळी दुसऱ्या एका चेहऱ्यावर पाहिला होता, तंबूच्या दोरीला अडकवलेल्या आरशाच्या तुकड्यात, साबणाच्या फेसातून वर येताना. चहा मांडीवर सांडला. खाकी पँटीतून चटका आत उतरला तरी तो तसाच बसून राहिला.

"मी झुंबरचा बाप," म्हातारा म्हणाला. "गेणबा. बावड्याकडचा. काल सकाळधरनं हितं इचारतोय. कोन म्हनलं पुन्याला गेलाय, कोन म्हनलं येईल."

"बसा," एवढंच महिपतीच्या तोंडून निघालं. चौदा महिने तो या भेटीची तयारी करत होता. त्याच्या तयारीत म्हातारा कधी ओरडत यायचा, कधी रडत, कधी चार भावकीची माणसं घेऊन. तो असा, एसटीची वेळ विचारायला आल्यासारखा येईल हे कधी मनात आलं नव्हतं. या चौदा महिन्यांत महिपतीनं इंदापूरकडचा माल एकदाही भरला नव्हता. आडत्याच्या मुनिमानं तिकडचं नाव काढलं की त्याची पाठ धरायची, नाही तर गाडीचं काहीतरी बिघडायचं, आणि मग दुसरा ड्रायव्हर जायचा. आज तो दुसरा तापानं पडला होता. बावड्याच्या सोसायटीची पेंड आणि सल्फेटची पोती आजच पोचायला हवी होती. पहाटेपासून महिपती मनातल्या मनात तो रस्ता चालवत होता, कुठं थांबायचं नाही, कुणाकडं बघायचं नाही, पोती टाकायची आणि परत फिरायचं. हॉटेलवाल्याला हे काय ठाऊक असणार. तो गल्ल्यावरून म्हणाला, "आबा, मग बसा की ह्याच्याच गाडीत. आज बावड्यालाच चाललाय." म्हाताऱ्यानं महिपतीकडं पाहिलं. महिपतीनं चहाचे पैसे गल्ल्यावर ठेवले आणि गाडीकडं वाट दाखवली.

केबिनीत चढायच्या आधी गेणबानं वहाणा काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि वर बसल्यावर त्या मांडीवर घेतल्या. "राहू द्या पायात," महिपती म्हणाला. "नगं," गेणबा म्हणाला, "इंजान हाय खाली." गाडी सुरू झाली. गाव संपलं, कालवा लागला, आणि कालव्याच्या दोन्ही अंगांनी ऊस सुरू झाला. डिसेंबराचं ऊन नुकतं वर येत होतं. उसाच्या फडांतून, केळीच्या बागांतून ओलसर, जड हवा केबिनीत शिरत होती. काश्मिरातून परत आल्यावर पहिल्यांदा ह्या हवेचा महिपतीला केवढा आनंद झाला होता. छाती भरून घ्यावी तेवढी मिळत होती, कुणी मोजत नव्हतं. मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, त्याला आपल्या श्वासाकडं लक्ष द्यायची सवयच लागली. हॉटेलात बसला, केस कापायला बसला, तरी आत गेलेली हवा आणि बाहेर आलेली हवा त्याला जाणवत राहायची, आणि अशी जाणवायला लागली की ती पुरेनाशी व्हायची. तो उठून दारात जाऊन उभा राहायचा. लोक विचारायचे, काय झालं? काही नाही. खरंच काही झालेलं नसायचं.

आत्ताही तसंच व्हायला लागलं. त्यानं बाजूची काच पूर्ण खाली केली. गेणबा समोर बघत होता. मोठ्या माणसाच्या घरी आल्यावर बसावं तसा ताठ बसला होता. भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं, उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली, आणि तिथं गाडी हळू झाली तसा तो बोलायला लागला. त्याची सगळी हयात गाडीवानीत गेली होती. कारखाना नव्हता तेव्हा गुळाच्या ढेपा घेऊन तो बारामतीच्या पेठेत यायचा. बैल कसा ओळखायचा, उतारावर जू मानेवर कसं चढतं, चढावर गाडी थांबली तर चाकामागं दगड कोणत्या बाजूनं लावायचा, हे त्यानं झुंबरला आठव्या वर्षी शिकवलं होतं. "हात हलका व्हता त्याचा," गेणबा म्हणाला. "कासरा वडायचा न्हाय. नुस्ता बोलायचा बैलासंगं." मग तो थांबला, आणि पागोट्याच्या पदरात गुंडाळलेला एक कागद त्यानं काढला. घड्यांवर फाटत आलेला. वाचता येत नसताना तो त्यानं उलगडून गुडघ्यावर सरळ केला.

"हे झुंबर गेल्यावर ठेकेदाराकडनं आलं. साळंतल्या मास्तरनं वाचून दावलंय. धा डाव वाचून घेतलं. डायवरनं टायमाला गिअर बदलला न्हाय म्हनून गाडी गेली, आसं लिवलंय. गावात आता झुंबर मेला आसं कुनी म्हनत न्हाय. झुंबर चुकला म्हनत्यात." कागदावरून हात फिरवत तो म्हणाला, "मला त्यो गिअर बघायचाय. गिअर म्हंजी काय, ती वस्तू दाव. तेवढ्यासाठीच आलोय बारामतीला."

महिपतीनं डाव्या हाताखालच्या दांड्याकडं मान हलवली. गेणबा वाकला. दांड्याच्या काळ्या बोंडावर त्यानं आपला तळवा ठेवला, आणि इंजिनाची थरथर त्याच्या हातातून वर चढताना महिपतीला दिसली. "ह्यो?" "व्हय." "ह्येचं काय करायचं असतं?" महिपती सांगत गेला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. सपाटीला चौथा, चढ लागला की खालचा. जेवढा चढ मोठा तेवढा खालचा गिअर. वेग कमी होतो, ओढ वाढते. त्याचा आवाज त्याला परका वाटत होता, आरटीओच्या परीक्षेत बोलावा तसा. गेणबा एकेक शब्द ओठांतल्या ओठांत परत म्हणत होता. मग त्यानं विचारलं, "ह्यातला कंचा चुकला त्यानं?"

अंथुर्णं आलं होतं. रस्त्यावर कोंबड्या होत्या. महिपतीनं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, कोंबड्या निघून गेल्यावरही वाजवला.

झुंबर गेला ती काश्मिरातली खिंड साडेअकरा हजार फुटांवर होती. सोनमर्गच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, आणि एका ठेकेदाराच्या गाड्या डांबराची पिपं, सिमेंट, मजुरांचं धान्य वर नेत असत. बारामतीतून दोघंच गेले होते, तो आणि झुंबर. वर गेलं की सगळंच पातळ व्हायचं. भात उकळत राहायचा आणि शिजायचा नाही. वाक्य मधेच तुटायचं, कारण पुढच्या शब्दापुरती हवा उरायची नाही, म्हणून माणसं दोन-दोन शब्दांत बोलायची. सकाळी लोखंडाला उघडा हात लागला तर कातडं तिथंच राहायचं. इंजिनाखाली डिझेलात भिजवलेल्या चिंध्यांचे बोळे पेटवून तेल पातळ करावं लागे. आणि माणसासारखाच इंजिनालाही दम लागायचा. खाली चौथ्यात पळणारी गाडी तिथं पहिल्यात रडायची. डिझेल आत जायचं, पण ते जळायला हवा पुरायची नाही, आणि न जळलेलं डिझेल काळाकुट्ट धूर होऊन मागं लोंबत राहायचं. प्रत्येक गाडीमागं एक काश्मिरी मजूर लाकडाचा ठोकळा घेऊन चालत यायचा. गाडी थांबली की ठोकळा चाकामागं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. महिपतीकडं सव्वीस नंबरची जुनी गाडी होती. वरून तिसऱ्या वळणावर ती रोज मरायला टेकायची. तो पाय दाबून, दात आवळून, अंगानं पुढं रेटत तिला वर काढायचा, आणि वर पोचल्यावर त्याचे गुडघे इतके कापायचे की खाली उतरता यायचं नाही.

मग टर्बोची गाडी आली. परदेशातून चाचणीसाठी आणलेली, एकच. मिस्त्रीनं बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवलं होतं. वाया जाणारा धूरच एक चक्र फिरवतो, आणि ते चक्र इंजिनात हवा कोंबतं. वर हवा पातळ असली तरी इंजिनाला पोटभर मिळते. सुरू झाली की तिच्यातून एक बारीक शीळ यायची, चढाबरोबर चढत जाणारी. चिठ्ठ्या टाकल्या, झुंबरचं नाव निघालं. आठ दिवस महिपती सव्वीस नंबरमध्ये गुडघे दाबत असायचा आणि ती शीळ पुढं, वर, वळणाआड जाताना ऐकायचा. संध्याकाळी झुंबर तंबूत येऊन म्हणायचा, "म्हैपत, लोन्यातनं सुरी जावी तशी जातीया रे." त्याला मिरवायचं नव्हतं. झुंबरला मिरवणं जमायचंच नाही. पण महिपती ते ऐकून पाठ फिरवून झोपायचा. आणि त्यातल्याच शेवटच्या दोन दिवसांत सव्वीसचा हातब्रेक धरेनासा झाला होता. मिस्त्री खाली श्रीनगरला गेला होता. महिपतीनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती, आणि ठेकेदाराचे लोक उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला पिपं उचलायला लावत.

"आबा," महिपती म्हणाला, "म्होरं वढा लागंल. तितं चढ हाय. तितं दावतो."

ओढा आला. कोरडाच होता. गाडी खाली उतरली, वाळूवरून गेली आणि पलीकडचा चढ चढायला लागली. हाताएवढा चढ. महिपतीनं क्लच दाबला, दांडा मागं ओढला, मधे क्षणभर मोकळा ठेवला, मग खालच्या गिअरात टाकला. इंजिनाचा आवाज खोल गेला. गाडी सहज वर आली. गेणबा सगळा वेळ महिपतीच्या हाताकडं बघत होता, पोरगं जादूगाराच्या हाताकडं बघतं तसा, कुठं काही लपवलंय का ते हेरत.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आनि एवढं माज्या झुंबरला आलं न्हाय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. रडणंही नव्हतं. एखादा हिशेब जुळत नसेल तर माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, तसं काहीतरी होतं. महिपतीच्या छातीतली हवा बाहेर गेली आणि परत आत येईना. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजूला पानमळा होता, निमगाव जवळ आलं होतं. इंजिन चालूच ठेवून, समोरच्या काचेकडं बघत तो म्हणाला, "झुंबर चुकला न्हाय आबा."

गेणबा त्याच्याकडं वळला.

"गिअर बरूबर व्हता. पहिल्यातच व्हती गाडी. त्याच्याखाली गिअरच नसतो. इंजिनालाच दम लागला. वर हवा नसती. बैल फेसाटला आनि गुडघ्यावर आला तर गाडीवान काय करनार? ब्रेक लावला त्यानं. मागच्या मजुरानं ठोकळा लावला. खाली बरफ व्हता, ठोकळा घसरला, त्यानं मागनं हातानं करून दावलं. त्या मजुराला कुनी काय इचारलं न्हाय. त्याची भाषा कुनाला येत नव्हती." तो थांबला आणि म्हणाला, "ठेकेदाराच्या साहेबानं इचारलं, गिअर चुकला आसंल का? मी व्हय म्हनलो. सही केली. गाडी खराब व्हती म्हनलो असतो तर मला काढला असता."

हे सगळं खरं होतं. त्यानं मनातल्या मनात तपासून पाहिलं, एकही शब्द खोटा नव्हता. गेणबानं कागदाची घडी केली, जुन्याच घड्यांवर, सावकाश. "मग त्याला येत व्हती गाडी," तो म्हणाला.

"माज्यापेक्षा चांगली येत व्हती."

"मग त्याला येत व्हती," गेणबा पुन्हा म्हणाला, आणि महिपतीला वाटलं आता हा माणूस आपल्याला मारेल, निदान थुंकेल, सही केलीस म्हणून. त्याऐवजी गेणबानं हात लांब करून त्याच्या पाठीवरून फिरवला. खरखरीत, जड हात. "भ्या वाटलं असंल तुला," तो म्हणाला. "परक्या मुलखात कुनालाबी वाटंल. पर आज सांगितलंस. आता घरी यायचं, जेवून जायचं. सुनंला तुज्या तोंडानं सांगायचं." महिपतीनं सोसायटीचं, पोत्यांचं, परत जायच्या उशिराचं सांगून पाहिलं. गेणबानं ऐकलंच नाही.

इंदापूर मागं पडलं. गेणबा आता मोकळा बोलत होता. मधेच हसला. रस्त्यावरच्या गाडीवानांना तो केबिनीतून हात करत होता. आणि महिपती त्याच्या शेजारी बसून ती पाठ वागवत होता, जिच्यावरून हात फिरला होता. आपण काय केलं ते त्याला स्वच्छ दिसत होतं. खऱ्यातला तेवढाच तुकडा मोडून दिला होता, जेवढा देऊन आपली सुटका होईल. आणि त्याच्या बदल्यात हा म्हातारा त्याला घरी नेत होता. उरलेला तुकडा दातांमागं तसाच होता. झुंबर गेला ती सव्वीस नंबर मुळात झुंबरची नव्हती.

ऑक्टोबराची सकाळ. अजून उजाडायचं होतं तेव्हा महिपती उठला होता. त्यानं ठरवलं असं काही नव्हतं. पाय आपोआप टर्बोच्या गाडीकडं गेले, बोळे पेटवले, इंजिन सुरू केलं, आणि तो आत बसून राहिला. आत ऊब होती. डॅशबोर्डावर झुंबरनं नरसिंहपूरच्या देवाचा अंगारा लावला होता. थोड्या वेळानं झुंबर आला, पितळी मगात चहा घेऊन, कान मफलरात बांधलेले. काचेशी उभा राहिला. महिपती म्हणाला, "साहेब म्हनलं, आज गाड्या बदला." साहेब अजून झोपेत होता. झुंबरनं एकदा वर बघितलं. त्याला कळलं होतं का? महिपतीनं तो एक क्षण इतक्या वेळा परतून पाहिला होता की आता त्यात झुंबरचा चेहरा उरलाच नव्हता, नुसता मफलर होता आणि मगातली वाफ. "बरं," झुंबर म्हणाला. वळला, चार पावलं गेला, परत आला. "घोंगडी ऱ्हायली माजी." महिपतीनं ती खिडकीतून बाहेर दिली. तेव्हा हातब्रेकचं सांगायचं होतं. जिभेवर होतं. पण सांगितलं असतं तर झुंबर म्हणाला असता, मग साहेबाला सांगू, आणि साहेब म्हणाला असता, गाड्या बदलायला मी कधी सांगितलं?

चढताना त्याला सुख वाटलं होतं. हे तो कुणालाही सांगू शकणार नव्हता. शीळ त्याच्या पायाखालून निघत होती, गाडी वळणामागून वळण गिळत होती, गुडघे कापत नव्हते. आरशात खाली तीन वळणं मागं सव्वीस नंबर दिसत होती, बोटाच्या पेराएवढी, मागं काळा धूर. मग धूर थांबला. एवढंच दिसलं आधी, की धूर थांबला. मग ती मागं जायला लागली, सावकाश, एखादा माणूस उलटा चालत दारातून बाहेर पडावा तशी. आवाज आलाच नाही. चढावर थांबायचं नाही असा नियम होता. महिपती थांबला नाही. खिंडीच्या माथ्यावर जाऊन त्यानं गाडी उभी केली, ब्रेक लावला, ठोकळा स्वतः लावला, आणि मग खाली बघायला गेला. ऊन पडलं होतं. बर्फ इतका पांढरा होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मागून आलेल्या लोकांना वाटलं की तो रडतोय.

बावड्यात पोती उतरवली. गेणबा सोसायटीच्या पायरीवर बसून राहिला, त्याला सोडून जाईना. तिथून कोसभर नरसिंहपूरच्या रस्त्याला त्यांची वस्ती होती. दोन खणांचं घर, पुढं गोठा, मागं वांग्याचा आणि घेवड्याचा मळा. दुपारचे बारा वाजले असतील. झुंबरची बायको सारजा मळ्यातून खुरपं घेऊन आली. तिशीची, सावळी, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. गेणबा गाडीतून उतरता उतरताच सांगायला लागला, "आगं, चुकला न्हाय त्यो. ह्यो म्हैपत. ह्यो सांगतोय. इंजानालाच दम लागला. वर हवा नसती. त्याला येत व्हती गाडी." सारजा ऐकत उभी राहिली. तिनं महिपतीकडं पाहिलं, खुरपं कुडात खोचलं आणि म्हणाली, "हात-पाय धुवा भावजी. भाकरी टाकते."

गेणबाला धीर निघेना. "मी जरा पलीकडच्या वस्तीवर जाऊन येतो. सर्जेराव पाटलाला बोलावून आनतो. त्यानं ऐकलं की गाव ऐकंल." आणि तो गेलाही, अनवाणीच, वहाणा केबिनीत विसरून.

महिपती उंबऱ्याच्या आत पाटावर बसला. सारजानं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी, मिरचीचा ठेचा, वाटीत दूध. चुलीपुढं बसून ती दुसरी भाकरी थापत होती. तिच्या हातांचा आवाज एका लयीत येत होता. त्यानं घास घेतला. तिनं काहीच विचारलं नाही, तर हे जेवण संपेल, मग रस्ता, मग बारामती. त्याला वाटलं, जमेल. बायकांना गिअर, इंजिन ह्यातलं काय कळतं.

हात थांबले. "भावजी," ती तव्याकडं बघतच म्हणाली, "तुमीबी त्याच दिशी व्हता तितं?"

"व्हय. मी म्होरं व्हतो."

"त्याच वाटंनं?"

"वाट एकच हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मग तुमची गाडी कशी चढली?"

चुलीत लाकूड सरकलं. तिनं ते आत ढकललं. तिला उत्तराची घाई नव्हती. तिनं ते कपट करून विचारलं नव्हतं, हे महिपतीला कळलं. सासरा जे सांगत होता ते तिनं नीट ऐकलं होतं, तेवढंच, आणि त्यात एक जागा उघडी राहिली होती. वर हवा नसते, तर ती कुणालाच नसते.

"माजी गाडी येगळी व्हती," तो म्हणाला. "तिला टर्बो व्हता. त्यो हवा कोंबतो इंजिनात." आणि मग, आवाज न बदलता, तोंडात अर्धा घास असताना, "ती झुंबरची गाडी व्हती, वहिनी. चिठ्ठीत त्याला निघाली व्हती. मी त्या दिशी घेतली. साहेबानं सांगितलंय म्हनून खोटं बोललो. माजी त्याला दिली. तिचा ब्रेक धरत नव्हता, ते मला म्हाईत व्हतं. त्याला सांगितलं न्हाय."

सारजा उठली नाही. तिच्या तव्यावरची भाकरी एका बाजूनं जळायला लागली, तिचा वास घरभर झाला, तेव्हा तिनं ती बोटांनीच उलटली. "त्ये काय म्हनलं?" तिनं विचारलं.

"बरं म्हनला."

"दुसरं काय?"

"घोंगडी ऱ्हायली म्हनला."

तिनं मान हलवली, जणू हे असंच असणार हे तिला ठाऊक होतं. तिचे डोळे कोरडे होते, पण खालचा ओठ तिनं इतका आत ओढून धरला होता की तोंडाची नुसती रेघ राहिली होती. बाहेरून बोलण्याचा आवाज आला. गेणबा परत येत होता, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. लांबूनच त्याचं चाललं होतं, "पहिल्यातच व्हती गाडी. त्याच्याखाली गिअरच नसतो पाटील. त्येला काय करता आलं असतं?" शब्द महिपतीचे होते. म्हाताऱ्यानं ते जसेच्या तसे पाठ केले होते.

महिपतीनं सारजाकडं पाहिलं. "वहिनी, तुमीच सांगा आबांना. मी गेल्यावर."

"मी का सांगू?" ती हळू म्हणाली. "त्यास्नी मला जलमभर तोंड दावायचंय. तुमी सांगा. त्या मानसांम्होरं सांगा."

तो उठायला लागला तशी ती म्हणाली, "ताटावरनं उठू नगा," आणि जळलेली भाकरी बाजूला ठेवून चांगली भाकरी तिनं त्याच्या ताटात टाकली. घरात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही एवढंच त्यात होतं, दुसरं काही नव्हतं, मायाही नव्हती. माणसं अंगणात आली. पाटील उंबऱ्याशी वाकून आत डोकावला. गेणबा येऊन महिपतीच्या अगदी शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा, धापा टाकत, धावपळीनं त्याला दम लागला होता, आणि त्यानं आपला हात पुन्हा महिपतीच्या पाठीवर ठेवला. "सांग बाबा ह्यास्नी," तो म्हणाला.

महिपतीनं सांगितलं. चिठ्ठीपासून सांगितलं. पाठीवरचा हात लगेच निघाला नाही. ब्रेकचं सांगून होईपर्यंत तो तिथंच होता, पण आता त्यात माणूस नव्हता, खुंटीवर कपडा राहावा तसा तो राहिला होता. मग तो कधी निघाला ते महिपतीला कळलं नाही. पाटील उंबऱ्यापासून मागं फिरला, बाकीचे त्याच्यामागं गेले. गेणबा चौकटीला धरून उठला, अंगणात गेला, आणि गोठ्यात बैलांपाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एका बैलानं त्याच्या हाताला तोंड लावलं. त्यानं हात हलवला नाही.

घरात दोघंच राहिली. सारजानं तवा उतरवून ठेवला, चुलीतली लाकडं ओढून विझवली, आणि भिंतीला टेकून बसली, महिपतीकडं तोंड करून. ताटात दीड भाकरी होती. त्यानं तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. दुधाचा घोट घेऊन त्यानं तो खाली ढकलला आणि पुढचा तुकडा मोडला. ती बघत होती.